जात्याखालून पाहिलेला समुद्र

वच्छलाबाई,

तुम्हाला लिहायला बसलं की तुमचंच वाक्य कानात येतं, "लवकर सांगा मॅडम, माझी चाळणी ओली हाये." म्हणून लवकर सांगते. तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि हे पत्र टपालात पडणार नाही, एवढं मला कळतं. आपल्या जुन्या कार्यालयातल्या लोकांनी आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलंय. माझ्याकडे साहेबांवर लेख मागितला. साहेबांवर लिहिणारे ढीगभर पडलेत, मी वच्छला रामटेकेवर लिहिणार, असं कळवून टाकलं. फोनवरचा मुलगा म्हणाला, "त्या कोण, मॅडम?" तेव्हाच ठरलं की आता लिहायचंच.

अडचण एकच आहे. तुमच्या गोष्टीत मीही आहे, आणि माझा भाग काही मिरवण्यासारखा नाही. 'मी, मी' करत लिहिलं तर मी हळूच स्वतःला सोडवून घेईन, वयाबरोबर ही कला आपोआप येते. म्हणून त्या वेळच्या लतिका देशकरला, आणि तिच्याबरोबर तुम्हालाही, मी 'ती' म्हणणार आहे आणि बाहेरून सांगावी तशी सगळी हकिकत सांगणार आहे. तुम्ही असतात तर चार ठिकाणी टोकलं असतंत.

तर ऐका.

सदर भागातल्या भूशास्त्राच्या त्या कार्यालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली होती. दारावर पाटी 'नमुना प्रक्रिया कक्ष' अशी होती, पण साहेबांपासून चौकीदारापर्यंत सगळे तिला चिखलखोली म्हणत. नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र एका रात्रीच्या गाडीपेक्षा जवळ नाही. तरीही या खोलीत अरबी समुद्राचा तळ ठेवलेला होता. जहाजावरून एक लोखंडी नळी समुद्राच्या तळात खुपसायची आणि आत भरलेला चिखल जसाच्या तसा वर ओढून घ्यायचा, अशी ती रीत. असा पाच मीटर लांबीचा एक गाभा किनाऱ्यावरच्या संस्थेने तुकडे करून मालगाडीने इकडे पाठवून दिला होता, कारण त्यांच्याकडे काम फार आणि माणसं कमी. लकडगंजातल्या आरागिरणीतून लाकडी खोके करून आणले होते. त्यांत ते तुकडे क्रमाने झोपवून ठेवले होते, आणि प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण काढलेला होता.

त्या चिखलात काय होतं? खसखशीच्या दाण्याएवढे, आणि त्याहूनही बारीक, चुन्याचे शिंपले. पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव मरतात, त्यांची कवचं तळाशी बसतात, त्यांच्यावर गाळ, गाळावर पुन्हा कवचं. बोटभर जाडीचा थर साचायला पाचेकशे वर्षं लागतात. जितकं खाली जावं तितका समुद्र जुना. कुठल्या थरात कुठल्या जातीचे शिंपले किती आहेत, हे मोजलं की तेव्हा पाणी ऊन होतं की गार, पाऊस बरा होता की नव्हता, याचा अंदाज बांधता येतो. लतिका देशकर हेच मोजत होती. वय अठ्ठावीस, एम. एस्सी. पहिल्या वर्गात, पीएच. डी. चालू, आणि स्वतःबद्दलचं मत चांगलं.

मोजायच्या आधी चिखल धुवावा लागतो आणि शिंपले निवडावे लागतात. ते काम वच्छला रामटेके करायची.

वच्छला आली होती पाणी भरायला. १९७१ साली, रोजंदारीवर. गड्डीगोदामहून पायी यायची, नवरा मिलमध्ये, घरी एक मुलगी जया. शिक्षण सहावीपर्यंत. सातवीच्या वर्षी आईबरोबर बिड्या वळायला बसली ती लग्न होईपर्यंत बसली. छप्पन साली दीक्षेला गेली तेव्हा सोळा वर्षांची होती. पांढरं लुगडं नेसून गेली होती आणि आईला त्या एवढ्या गर्दीतून तिनेच सांभाळून नेलं होतं. त्या दिवसाबद्दल कोणी विचारलं तर ती फार बोलायची नाही. "तवापासून कोणाच्या पाया नाई पडली," एवढंच म्हणायची, आणि ते तिच्याकडे बघून पटायचं.

शिंपले निवडायला आधी एक परिचर होता. चार महिन्यांत त्याचे डोळे दुखायला लागले आणि तो रजेवर गेला तो परतलाच नाही. नमुने साचत चालले. एक दिवस माठ भरता भरता वच्छला म्हणाली, "मी पाहू काय?"

लतिकेने कौतुक म्हणून तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. लहान मुलाला गंमत दाखवावी, त्या थाटात. वच्छलाने दोन्ही डोळे लावले ते बराच वेळ काढलेच नाहीत.

"काय दिसतं?"

"ज्वारीच्या लाह्या," ती म्हणाली. "काही फुटल्या, काही गणंग राह्यल्या. अन् हे चपटं कोणतं?"

ते चपटं म्हणजे नेमकी लतिकेला हवी असलेली जात. वच्छलाने ब्रशचं टोक जिभेला लावून ओलं केलं, एक दाणा उचलला आणि काळ्या पट्टीवर ठेवला. मग दुसरा. पंचवीस झाले की मधे एक रेघेएवढी जागा सोडायची, कारण बिडीचा कट्टा पंचवीसचा असतो आणि तिची बोटं पंचविसाला आपोआप थांबत. संध्याकाळपर्यंत तिने परिचराचं तीन दिवसांचं काम उरकलं होतं.

धुण्याचीही तिची स्वतःची रीत होती. चाळणीवरचा चिखल तांदूळ धुवावेत तसा हलक्या हाताने फिरवायची, आणि मीठ पूर्ण निघालं की नाही हे ती धुवणाचं पाणी चाखून ठरवायची. विभागप्रमुख मधुकरराव पांढरीपांडे साहेबांनी एकदा हे पाहिलं आणि ते हादरलेच. "अहो, त्यासाठी रसायन आहे ना!"

"हाये ना जी. पन ते कपाटात हाये अन् चावी तुमच्यापाशी हाये."

हेडक्लार्क भैय्याजी दारात उभे होते, ते खो खो हसले. "साहेब, हिची जीभ स्टॉक रजिस्टरवर चढवून टाकू काय? परमनंट होईन बिचारी."

यात हसण्यासारखं होतं तसं टोचण्यासारखंही होतं. कार्यालयाच्या हजेरीपटावर कायम माणसांची नावं शाईनं लिहिलेली असत आणि रोजंदारीवाल्यांची शेवटच्या पानावर पेन्सिलनं. खोडायला सोपं जावं म्हणून. 'रामटेके वच्छला' हे नाव चार वर्षं पेन्सिलीत होतं. काम करायची ती निवडण्याचं, कौशल्याचं, पण कागदावर अजून पाणीच भरत होती. नवरा ज्या मिलमध्ये होता तिथे पाळ्या कमी होत होत्या, आणि जया दहावीला होती. वच्छलाला ती कायम जागा हवी होती. ती ते लपवतही नव्हती आणि त्यासाठी कुणाच्या मागे मागेही हिंडत नव्हती.

१९७५ च्या डिसेंबरात योग जुळून आला. परिचराची जागा रिकामी होती, निवड समितीची बैठक वीस तारखेला होती, आणि साहेबांनी स्वतःच्या हातानं शिफारस लिहिली: या महिलेच्या कामामुळेच गाभ्याचा अभ्यास पुरा झाला. साहेब खुशीत होते त्याला कारण होतं. लतिकेच्या हाती मोठं घबाड लागलं होतं.

त्या चपट्या जातीचे शिंपले गोगलगायीसारखे गुंडाळलेले असतात, काही उजवीकडे वळतात, काही डावीकडे. समुद्राचं मान बदललं की कधी कधी अख्खी जात आपलं वळण बदलते. गाभ्यातून एकशेदहा नमुने काढले होते. वरून पंचेचाळीस नमुन्यांपर्यंत सगळे शिंपले उजवे. आणि सेहेचाळिसाव्यापासून थेट तळापर्यंत सगळे डावे! अध्येमध्ये काही नाही, सुरीने कापल्यासारखं. कुठल्याही समुद्रात इतका स्वच्छ बदल कुणी दाखवला नव्हता. जानेवारीत हैदराबादला परिषद होती, निबंध स्वीकारला गेला होता, त्याच्या प्रती निघाल्या होत्या. लतिकेने भिंतीवर मोठा आलेख लावला होता, वरचा भाग लाल, खालचा निळा.

पंधरा तारखेला, सोमवारी, चाळणी वाळत घालून वच्छला त्या आलेखासमोर उभी राहिली.

"हे मधात काय झालं, मॅडम?"

लतिकेला कुणी विचारायचाच अवकाश होता. ती म्हणाली, "हे बघा वच्छलाबाई, जातं असतं ना? समजा आज सगळ्या बाया जातं उजवीकडे फिरवताहेत. आणि पूर्वी, पार तुमच्या-माझ्या खापरपणज्यांच्याही आधी, डावीकडे फिरवत होत्या. मधे एका दिवशी सगळ्यांनी एकदम हात बदलला. का बदलला? तोच तर शोध!"

वच्छला म्हणाली, "सगळ्याइनं एकदम?"

"एकदम!"

"अन् सेहेचाळिसापासून?"

"हो ना!"

वच्छला 'हं' म्हणाली आणि माठ भरायला गेली. ते कामही अजून तिच्याकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी लतिका आली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी लावून ठेवलेली होती आणि वच्छला शेजारी हात पुसत उभी होती. "बसा. चाळिसाव्या नमुन्यातला उरलेला दाना हाये. कोन्या अंगाले वळते?"

"उजवा."

वच्छलाने ब्रशच्या टोकाने दाणा पालथा केला. "आता?"

लतिकेने पाहिलं. डावा.

"दाना तोच हाये," वच्छला म्हणाली.

लतिकेने दाणा पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा केला. डोकं अजून कबूल होत नव्हतं. वच्छलाला वाटलं, हिला समजलंच नाही. म्हणून तिने समजावून सांगितलं. "मॅडम, जातं वरून पाह्यलं तं एका अंगानं फिरते. अन् जात्याखाली उंदीर बसला असन, तं त्याले तेच जातं उलटं फिरताना दिसन. बाईनं हात नाही बदलला. तुमी सेहेचाळिसापासून उंदरावानी पाहून राहिल्या."

मग लतिकेला सगळं आठवलं. सुरुवातीला तिने सांगितलं होतं, शिंपल्याची पाठ वर ठेवून चिकटवा. पाठीकडून पूर्ण वळण दिसतं. उन्हाळ्याच्या सुटीनंतर तिला शिंपल्यांच्या तोंडाची छायाचित्रं हवी होती, आणि तोंड पोटाच्या बाजूला असतं. म्हणून जूनमध्ये तिने सांगितलं, आता पोट वर. वच्छलाने त्या दिवसापासून पोट वर ठेवलं. आणि लतिका? आपण काय सांगितलं ते विसरून, पूर्वीसारखीच भराभर मोजत गेली. लवकर उरकावं म्हणून कमी मोठं दाखवणारं भिंग लावलेलं, त्यात फक्त वळण बघायचं आणि रेघ ओढायची. पाठ आणि पोट ओळखणं हा या विद्येतला पहिल्या महिन्याचा धडा आहे. पासष्ट पट्ट्या, प्रत्येकीवर दोनशे, म्हणजे तेरा हजार शिंपले तिने पालथे वाचले होते. पहिला वर्ग!

"साहेबाले सांगा," वच्छला म्हणाली. "हैदराबादेत कोनी पाह्यलं तं तोंड काळं होईन."

हे सांगताना तिला परिणाम माहीत नव्हते असं नाही. दाणे तिच्या हातानं चिकटले होते. चार दिवसांवर समिती होती. शिफारशीत जे काम कौतुकाचं म्हणून लिहिलं होतं, त्यालाच ती स्वतःहून बट्टा लावून दाखवत होती. गप्प राहिली असती तर वीस तारीख सुखरूप पार पडली असती, आणि हैदराबादेत काय झालं असतं ते तिच्या शाईला पुसायला आलं नसतं. लतिकेने नंतर एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "चुकीच्या मापानं कोनाले देता येते काय? जीव राहते काय मंग कामात?" आणि वर, "पोट वर कर म्हनलं तवाच मले पुसाले पाह्यजे होतं, मोजनार कशा म्हनून. ते माह्यं चुकलं."

दुपारी लतिका साहेबांच्या खोलीत गेली. गोष्टीचा हा भाग लवकर उरकते.

तिने सांगितलं, सेहेचाळीसपासूनची मोजणी चुकली आहे, पट्ट्यांवर शिंपले पालथे आहेत. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. निबंधावर त्यांचं नाव पहिलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे त्या बाईनं उलटे चिकटवले."

लतिका गप्प राहिली.

"मी म्हणत होतोच. पाणी भरणाऱ्या माणसाला सूक्ष्मदर्शकाला हात लावू द्यायचा नसतो." त्यांनी भैय्याजींना बोलावून मजकूर सांगायला सुरुवात केली: शिफारस मागे घेण्यात येत आहे, आणि एक जानेवारीपासून सदर महिलेला कामावर घेऊ नये. आणीबाणीच्या त्या वर्षी साहेबलोक शिस्तीबद्दल फार बोलत असत. लतिका खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. एक वाक्य तोंडात होतं आणि ते बाहेर आलं नाही. भीती वाटली. दुसरं काही नाही, नुसती भीती वाटली.

बाहेर आली तर वच्छला चाळणी धूत होती. "काय म्हने साहेब?"

"नाराज आहेत."

"होऊ दे. दोन दिस राहतीन नाराज."

बुधवारी भैय्याजींनी मेमो टंकला. खाली सही व्हायची होती. ते चिखलखोलीच्या दारात आले आणि लतिकेला म्हणाले, "बाई, मी हसतो-खिदळतो ते अलग. पण हा कागद टाइप करताना माह्याच्यानं दोन ठिकाणी चुकलं. तुम्हाला काही बोलायचं असन तं सही व्हायच्या आत बोला." एवढं बोलून ते निघून गेले.

वच्छला आत होती. तिने ऐकलं. ती कमरेला पदर खोचत होती, तो खोचून झाला आणि ती पुन्हा पट्टीवर वाकली. लतिकेला तिथे उभं राहवेना, म्हणून ती उगाच काम काढून कपाटाकडे गेली. पट्ट्यांचा दुसरा डबा उघडला, तो सेहेचाळिसापासूनचा. झाकणाच्या आतल्या बाजूला बाभळीच्या डिंकाने एक चिठ्ठी डकवलेली होती. अक्षर लतिकेचंच. 'वच्छलाबाई, आजपासून पाठ नको, पोट वर ठेवा. ल. देशकर, ९ जून.'

सहा महिने ती चिठ्ठी तिथे होती. वच्छलाने तेव्हाच चिकटवून ठेवली होती, म्हणजे डबा उघडणाऱ्याला आत काय कसं आहे ते कळावं. आणि काल, आज, सगळा वेळ, वच्छलाला माहीत होतं की ती तिथे आहे. झाकण उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं असतं तर दोन मिनिटांत सगळा निकाल लागला असता.

लतिका डबा हातात धरून तिच्यासमोर आली. "हे का नाही दाखवलंत?"

वच्छलाने मान वर केली नाही. ब्रशच्या टोकावर दाणा होता, तो आधी जागेवर ठेवला. "चिठ्ठी तुमची हाये. तुमी सांगसान म्हनून थांबली."

"आणि मी नसतं सांगितलं तर?"

आता तिने वर पाहिलं. "तं मले समजलं असतं का कोनापाशी काम करून राहिली. तेई बरंच झालं असतं."

लतिकेला आयुष्यात पुष्कळ लोक बोलले. आई बोलली, सासू बोलली, परीक्षक तर पैशापासरी. त्या एका वाक्याएवढं कुणाचं लागलं नाही आणि कुणाचं इतकं कामीही आलं नाही. तिने चाकूने अलगद ती चिठ्ठी झाकणापासून सोडवली आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेली. भैय्याजी मेमो घेऊन सहीसाठी उभेच होते.

"साहेब, उलटे चिकटवायला मी सांगितलं होतं. ही माझी चिठ्ठी. मोजताना मी विसरले. चूक वच्छलाबाईंनी शोधली, मी नाही. काल मी बोलायला हवं होतं, बोलले नाही."

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग लतिकेकडे बघितलं ते असं, की तिला त्या क्षणी जात्याखालचा उंदीर व्हावंसं वाटलं. "हैदराबादला तार करा, निबंध मागे घेतो म्हणून," ते भैय्याजींना म्हणाले. "आणि तो मेमो फाडा." जरा वेळाने, खिडकीकडे तोंड करून, "शिफारशीत एक ओळ वाढवा. मोजणीतली गंभीर चूक यांनी स्वतः निदर्शनास आणली. ही चिठ्ठी पुरावा म्हणून फायलीला जोडा." माणूस तापट होता, खोटा नव्हता. लतिकेशी मात्र पुढे दोन महिने ते कामापुरतंही बोलले नाहीत.

समितीने काही लगेच फुलं उधळली नाहीत. फाइल दोनदा शंका काढून परत आली, सहावी पासचा दाखला लागला, मग तो दाखला खरा असल्याचा दाखला लागला. शेवटी १९७७ च्या मार्चमध्ये हुकूम निघाला. त्या दिवशी वच्छला सकाळी भैय्याजींच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "लिहा. मी पाहते." भैय्याजींनी दौत उघडली, टाक बुडवला, आणि दुसऱ्या पानावर शाईनं लिहिलं, 'श्रीमती वच्छला रामटेके'. शाई वाळेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग शेवटचं पान काढून, रबर मागून घेऊन, पेन्सिलीतलं नाव तिने स्वतः खोडलं.

"अवं, ते मी केलं असतं ना वच्छला," भैय्याजी म्हणाले.

"सहा वर्सं तुमच्याच हातात होतं ना रबर," ती म्हणाली. "आज माह्या हातात राहू द्या."

आणि समुद्र? तो काही सुरीने कापल्यासारखा बदललेला नव्हता. सगळी मोजणी सुलटी करून पाहिली तेव्हा वरपासून खालपर्यंत उजवेच शिंपले. लतिका आठ दिवस जेवली नाही धड. पण वच्छलाने तिला परत सूक्ष्मदर्शकाशी बसवलं, या खेपेला मोठं दाखवणारं भिंग लावून. सावकाश पाहताना दिसलं की एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर या चार नमुन्यांत थोडेसे डावे घुसले आहेत. शंभरात आठ, दहा, एकदा चौदा. मग पुन्हा उजवे. कधीतरी चारेक हजार वर्षं पाणी जरा वेगळं झालं असावं आणि पुन्हा पूर्वपदावर आलं असावं. छोटी गोष्ट, पण खरी. त्यावर लतिकेचा प्रबंध झाला, १९७८ साली. त्यात आभार मानलेत ते साहेबांचे, किनाऱ्यावरच्या संस्थेचे, सासूबाईंचे, आणि 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्गाचे'. कर्मचारीवर्ग! नाव लिहायला किती शाई लागली असती?

वच्छलाला त्या आभारांचं काही वाटलं नाही. तिने प्रबंध हातात घेऊन वजन करून पाहिलं, आलेखांची पानं उलटली, आणि चौऱ्याहत्तराव्या नमुन्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे चौदा म्या दोनदा मोजले होते." तिला वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पासष्ट पट्ट्या अजून पालथ्याच होत्या. तेरा हजार दाणे उखडून परत चिकटवणं शक्य नव्हतं आणि गरजही नव्हती, कारण पोट वर आहे हे माहीत असलं की झालं. पण आता ते कुणाला माहीत होणार? चिठ्ठी फायलीत गेली होती आणि डबा बिनचिठ्ठीचा कपाटात बसला होता.

"मॅडम, ते चिठ्ठी परत आनून डब्याले लावा. पुढचं कोनी फसन."

"उद्या आणते."

उद्या फाइल तपासणीला गेलेली होती. परत आली तेव्हा साहेबांच्या तिजोरीत गेली. मग साहेब निवृत्त झाले. ८० साली लतिकेला अमरावतीच्या महाविद्यालयात नोकरी लागली, ती जाताना वच्छला स्टेशनवर आली, डब्यात भाकरी-ठेचा दिला, आणि गाडी सुटता सुटता म्हणाली, "ते चिठ्ठीचं राह्यलं बरं का." लतिका म्हणाली, नवीनच लिहून पाठवते. तुम्हीच का नाही लिहीत, असंही म्हणाली. वच्छला म्हणाली, "माह्यं लिहिलेलं कोन मानन? सही तुमची पाह्यजे." खरं होतं ते.

मग जयाच्या हातचं दरवर्षी एक पोस्टकार्ड यायचं. आई बरी आहे, नवीन साहेब बरे आहेत, जयाला नोकरी लागली, आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि आई विचारते चिठ्ठीचं काय झालं. ८६ च्या दिवाळीत लतिका नागपूरला आली, तेव्हा दोघींनी ठरवलं, शनिवारी अकरा वाजता कार्यालयाच्या फाटकाशी भेटायचं आणि स्वतःच जाऊन लावून यायचं. लतिकेने चिठ्ठी लिहिली, सही केली, तारीख घातली. शनिवारी दिराकडची माणसं अचानक जेवायला आली. तिने शेजारच्या मुलाबरोबर निरोप पाठवला, पुढच्या खेपेला नक्की. वच्छला फाटकाशी दीड वाजेपर्यंत उभी होती, हे नंतर जयाने सांगितलं.

पुढची खेप दोन वर्षांनी झाली, आणि तोवर वच्छलाबाई नव्हत्या. लतिका कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेली होती. चिठ्ठी पर्समध्ये होती. आत नवीन माणसं होती, कुणाला विचारावं ते सुचलं नाही, आणि ती तशीच रिक्षा करून परतली. ती चिठ्ठी अजून माझ्याकडेच आहे, वच्छलाबाई.